ट्रॅक्टरची बॅटरी

परवा नांदेडच्या घरी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी भरताना तो नाकाला झोंबणारा आंबूस वास आला आणि मी थेट मुदखेडजवळच्या आमच्या गावी, लहानपणीच्या एका रविवारच्या सकाळी जाऊन पोचले.

गल्लीत टीव्ही फक्त आमच्याकडे. पौराणिक मालिका लागली की घर माणसांनी भरायचं. काका मात्र बाहेर उभं राहून खिडकीतून बघायचे. वाटण्या झाल्यापासून त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. टीव्ही माझ्या वडिलांकडे, म्हणजे दादांकडे, ट्रॅक्टर काकांकडे, आणि बोलणं कुणाकडेच नाही.

त्या दिवशी मालिकेतला धाकटा भाऊ वनवासातल्या थोरल्याला शोधत निघाला होता. दोघं समोरासमोर आले आणि लाईट गेली. सगळे हळहळले. खिडकीतले काकाही दिसेनासे झाले.

थोड्या वेळानं ट्रॅक्टरची बॅटरी पोटाशी धरून, घामानं निथळत ते सरळ घरात आले. वायरी जोडल्या. मालिकेतल्या भेटीगाठी लई लांबायच्या, म्हणून बरं. पडद्यावरचे भाऊ अजून गळ्यात पडून रडतच होते. आमचे दोघं एकमेकांकडे न बघता पडद्याकडे बघत राहिले.

मालिका संपल्यावर काका वायरी सोडायला वाकले, तसे दादा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. फुडल्या आयतवारी परत लागंल."

"हाव," काका म्हणाले.

पडद्यावरचे चेहरे आता आठवत नाहीत. आठवतो तो आठवडा. बॅटरी आमच्या घरात, त्यामुळे काकांचा ट्रॅक्टर रोज उतारावरून धक्का मारून सुरू करावा लागे. आणि मागून सगळ्यात आधी खांदा लावत ते दादा.