उघडणारी खिडकी

आमच्या आत्याला सगळी गल्ली 'खिडकीवाली' म्हणायची आणि तिला ते आवडायचं. तिची शिलाई मशीन खिडकीशी होती. लोक कपडे खिडकीतून आत द्यायचे, उशीर झाला म्हणून भांडायलाही तिथेच यायचे, आणि भांडायला आलेला माणूस बहुधा आणखी एक पँट अल्टरला टाकून परत जायचा. घर बांधताना आतोबा, म्हणजे तिचे यजमान, त्या बाजूला नुसती भिंत घालू म्हणत होते. आत्या गवंड्यासमोर जमिनीवर बसली ती खिडकीची जागा सुटल्यावरच उठली. काळ्या कापडावरचा काळा दोरा दिव्याखाली दिसत नाही, असं तिचं म्हणणं. नजर अधू झाली तरी त्या उजेडात तिची शिवण सरळ यायची.

खिडकीबाहेर मोकळा प्लॉट होता. तो एका कॉफीच्या कंपनीने घेतला. गाडीतून न उतरता रांगेने पुढे सरकायचं, खांबावरच्या स्पीकरला काय हवं ते सांगायचं आणि खिडकीतून कप घेऊन निघून जायचं, असलं ते दुकान. नकाशात गाड्यांची रांग आत्याच्या भिंतीला घासून जात होती. पण नगरपालिकेचा नियम होता. शेजारच्या राहत्या घराला उघडणारी खिडकी असेल, तर रांग तिच्यापासून तीस फूट लांब हवी. तेवढी जागा सोडली तर कंपनीला गाड्या डोक्यावर घेऊन उभं राहावं लागलं असतं.

सुनावणीला मी आत्याबरोबर गेले होते. साहेबांनी विचारलं, "खिडकी उघडते का, बाई?"

"बंद कधी असते ते विचारा," आत्या म्हणाली.

सगळे हसले. कंपनीचा अर्ज नामंजूर झाला. हसणाऱ्यांत कंपनीचा मॅनेजरही होता, आणि मला तेच खटकलं. हरलेला माणूस चिडतो, निदान तोंड पाडतो. हा मनापासून हसत होता. हसताना बघत होता तो आत्याच्या हातातल्या पिशवीकडे, जी तिने स्वतः शिवली होती.

आठवडाभराने तो घरी आला. आत्याने चहा टाकता टाकताच त्याचं नाव 'गोडबोल्या' ठेवून टाकलं. त्याच्या कंपनीच्या सगळ्या दुकानांसाठी काळे अ‍ॅप्रन शिवून हवे होते. "नियम नियमाच्या जागी, मावशी. पण असा हात कुठे मिळायचा?"

तो गेल्यावर मी म्हटलं, "आत्या, हा गूळ लावतोय."

"लावू दे. चाटूनपुसून घेईन."

"गुळाने मरणाऱ्याला विष कोण देतो?" आतोबा कॉटवरून म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. ते इतकं कमी बोलतात की बोलले तरी कुणी ऐकत नाही.

कापडाचे तागे आले. पहिले कॉटखाली मावले. ते संपायच्या आत दुसरे आले, मग तिसरे. घर म्हणजे एक मोठी खोली आणि मागे स्वयंपाकघर. कपाटावर, दारामागे, आतोबांच्या पायथ्याशी, सगळीकडे काळं कापड. उरला खिडकीचा कट्टा. मी दर रविवारी जायचे, आणि दर रविवारी खोलीतला उजेड थोडा कमी झालेला असायचा. गिऱ्हाइकं आता दाराशी यायची. "चार दिवसांची तर गोष्ट आहे," आत्या म्हणायची. डोळे चोळायची, मशीनवर वाकायची.

उजेड कमी पडतो म्हणून गोडबोल्याने इलेक्ट्रिशियनसकट झगझगीत ट्यूब पाठवली. मग कापडाला ओल लागू नये म्हणून लाकडी मांडणी पाठवली. सुतार माप घ्यायला कधी आलाच नव्हता. तरी मांडणी खिडकीच्या चौकटीत अशी चपखल बसली की मध्ये बोट जाईना.

"माप कुणी दिलं त्याला?" मी विचारलं.

"एकेकाची नजर असते," आत्या म्हणाली. तिला त्यात कौतुक वाटलं. आत्यासारखी माणसाला बघून छातीचं माप सांगणारी बाई, आणि आपल्याच खिडकीचं माप कुणी घेतलं हे तिला कळू नये.

नगरपालिकेचा माणूस आला तो रविवारीच, भर दुपारी. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत ट्यूब जळत होती.

"नवा अर्ज आलाय. खिडकी दाखवा."

आत्याने मांडणीकडे हात केला.

"उघडून दाखवा."

आत्या आणि मी कापड उपसायला लागलो. तागे काढले, शिवलेले गठ्ठे काढले. मांडणी चौकटीला स्क्रूने आवळलेली होती. आत्याने ती दोन्ही हातांनी ओढली. तो माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "राहू द्या, बाई. ही मांडणी आहे. मला खिडकी लिहिता येणार नाही."

त्यानंतर कापड आलं नाही. गरज सरो वैद्य मरो. केसाने गळा कापतात म्हणे. आत्याचा तिच्याच दोऱ्याने कापला. मी नगरपालिकेत जाऊन तोंड वाजवलं. तिथला क्लार्क शांतपणे म्हणाला, "मंजुरी दिली त्या दिवशी खिडकी नव्हती. आता भिंत पाडून दहा काढा, रांग हलत नाही."

दुकान सुरू झालं. भिंतीतून दिवसभर एक गोड आवाज यायचा, "नमस्कार, काय घेणार?" पहिले काही दिवस आत्या मशीनवरून मान वर करून "काही नको" म्हणायची. मग तिने तेही सोडलं. शिवण वाकडी यायला लागली आणि ती न बोलता उसवायला लागली.

शेवटी आतोबाच उठले. पेचकस आणून त्यांनी एकेक स्क्रू काढला. मांडणी खाली आली. आत्याने पदराने काच पुसली, कडी काढली आणि खिडकी उघडली.

हाताच्या अंतरावर एक गाडी उभी होती. तिची काच खाली गेली. आतला माणूस मोबाईलमधून डोकं न काढता म्हणाला, "दोन कॉफी. एकीत साखर कमी."

मागच्याने हॉर्न दिला. मी वाट बघत होते. ह्या खिडकीतून आत्याने कुणाला म्हणून सोडलं नव्हतं. आता हा मेला, असं वाटून मला बरंही वाटलं. पुन्हा हॉर्न वाजला. आत्याने कट्ट्यावरचा हात आत घेतला.

"पुढच्या खिडकीत, दादा," ती म्हणाली, आणि गाडी पुढे जाईपर्यंत तशीच उभी राहिली.