आमचे 'शुड बी' सर आणि तीन दिवसांची पडकई

आमचे 'शुड बी' सर आज पहाटे गेले.

हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळं होतं. पण घाटघरची जी जी पोरं त्यांच्याकडं इंग्रजी शिकली, ती त्यांना याच नावानं ओळखतात.

सर निमगाव साव्याचे. कांद्याच्या पट्ट्यातले. नोकरी मात्र आमच्या डोंगरातल्या हायस्कूलवर.

दहावीच्या इंग्रजीत एक भाग असा होता की अख्खा वर्ग खाली मान घालायचा. 'दॅट'च्या पुढं 'शुड बी', 'मस्ट बी' आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप. आम्ही गाईडमधली वाक्यं पाठ करायचो आणि पेपरात नेमकी विसरायचो.

सरांनी गाईड मिटलं. मला उभं केलं.

"आई सकाळी उठल्या उठल्या काय म्हणती?"

"म्हणते, की भांडी घासली पाहिजेत."

"शुड बी वॉश्ड. झालं की. जन्मापासून बोलताय राव, मग घाबरता कशाला?"

मग हळूच विचारलं, "भांडी कुणी घासायची, ते आईनं सांगितलं का?"

"नाही सर."

"मग घासतं कोण?"

आम्ही मुली हसलो. मुलांनी वहीत डोकं घातलं.

त्याच जुलैत आईचा हात मोडला. दादा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, "आवणी उरकली पाहिजे." नाव कुणाचंच घेतलं नाही. मी दप्तर खुंटीला टांगलं आणि भाताची रोपं लावायला खाचरात उतरले.

माझ्या थोरल्या बहिणीची शाळा अशाच एका आवणीत सुटली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मला लई भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी सर बांधावर हजर. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली.

"भाऊ, पडकईला आलोय."

पडकई ही आमच्याकडची रीत. आज तुम्ही माझ्या शेतात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी नाही, पण फेड चुकवायची नाही. जो चुकवतो, त्याच्या शेतात पुन्हा कुणी पाय ठेवत नाही.

दादा म्हणाले, "मास्तर, तुमाला जमायचं न्हाई."

नाहीच जमलं. कांदा लावल्यासारखी एकेक काडी, ती पण ओळीत. भाताला तीन-चार काड्या एकत्र लागतात हे त्यांच्या गावीही नव्हतं. मागून मी सगळं उपटून परत लावत होते. आई बांधावर बसून पदराआड हसत होती.

तरी गडी तीन दिवस हटला नाही.

तिसऱ्या संध्याकाळी पाय धुता धुता सर म्हणाले, "भाऊ, आता माझी फेड."

"सांगा की. कांद्याला येतो तुमच्या."

"माझं शेत शाळेत हाय. हिला पाठवा. दहावी होस्तोवर."

"तीन दिसाची फेड वरीसभर व्हती व्हय?"

"मी नवखा माणूस. एकेक दिस चार महिन्यांचा धरा, इतका दमलोय."

शेजारच्या खाचरातली माणसं हात थांबवून ऐकत होती. दादा एकदा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "उद्यापासनं येईल."

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पहिल्या बाकावर बसले.

आज मी घोडेगावला कॉलेजात इंग्रजी शिकवते. चांगलं शिकवते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. ते 'शुड बी' मी सरांच्याच पद्धतीनं शिकवते, आणि शेवटचा प्रश्न मुलांकडं बघून विचारते.

सकाळी घरी फोन लावला. म्हटलं, दादा, सर गेले. तुम्ही आवणीत असाल, मी जाऊन येते.

दादा म्हणाले, "आमी निघालोय. गावातनं जीप भरली."

आमच्याकडं ऐन आवणीत माणूस सख्ख्या भावकीतल्या लग्नालासुद्धा जात नाही, सर. आज तुमच्यासाठी अकरा जण रोपं तशीच बांधावर टाकून निमगावला येतायत. त्यात सात बायका आहेत. सातही जणी तुमच्या हाताखाली दहावी झालेल्या.

सुखानं जा, सर. मनापासून नमस्कार.