लाइन गेली, काटा चालूच राहिला

कॉलेज संपल्यावर मी पुण्याला गेले नाही, यवतमाळलाच राहिले. कापसातली सरकी काढणाऱ्या इथल्या एका सहकारी जिनिंग संस्थेनं दिलेलं संगणकाचं काम मला बाहेरच्या नोकरीपेक्षा अवघड वाटलं, म्हणून जास्त आवडलं.

कापसाचे ते दिवस वाईट होते. भाव कधी पडेल याचा नेम नव्हता, म्हणून वेचणी झाली की सगळे एकदमच माल आणायचे. संस्थेच्या दारव्ह्याच्या केंद्रावर बैलबंड्यांची रांग पार रस्त्यावर यायची. वजनकाट्याचा संगणक वेगळा, कापसाची प्रत ठरवणाऱ्याचा वेगळा आणि पैशाचा हिशेब यवतमाळच्या कार्यालयात. एकातली माहिती दुसऱ्यात हातानं भरावी लागे. तोवर शेतकरी बंडीच्या सावलीत बसून.

अध्यक्षांना हे सगळं मोडून एकच मोठी ऑनलाइन प्रणाली हवी होती. मी नको म्हटलं.

"तिन्ही संगणक आपापलं काम नीट करतात, साहेब. त्यांचं आपसात बोलणं तेवढं होत नाही. प्रत्येकानं आपला निरोप मधे एका जागी ठेवायचा. ज्याला हवा त्यानं सवडीनं उचलायचा. कोणी कोणासाठी अडायचं नाही."

"अन् नेट गेलं तं?"

"निरोप दारव्ह्यातच थांबतील. बंड्या थांबणार नाहीत."

"करून पाहा. पण हंगामात फसलं, तं लोक मले सोडणार नाहीत."

मी प्रत्येक निरोपाला स्वतःचा क्रमांक दिला. तोच निरोप चुकून दोनदा पोचला, तरी हिशेबात एकदाच धरला जावा म्हणून. एवढ्यासाठी इतके दिवस कशाला घालवतेस, असं सोबतचे म्हणायचे. मी ऐकलं नाही.

मग ऐन हंगामात रस्ता खोदताना टेलिफोनची केबल तुटली. दारव्ह्याहून यवतमाळला काहीच येईना. मी तशीच दारव्ह्याच्या एसटीत बसले. केंद्राच्या फाटकाशी आरडाओरडा असेल, हेच वाटभर मनात होतं.

फाटकाशी काहीच नव्हतं. काट्यावरचे काका पावती फाडून एका शेतकऱ्याच्या हातात देत होते.

"मॅडम? आज अचानक?"

"लाइन गेली ना, काका!"

"गेली का? मले तं मालूमच नाही. सकाळपासून वजनच करून राह्यलो."

त्यांच्यासमोर हसू दाबणं मला जमलं नाही. मी केलेलं काम त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. याहून मोठी शाबासकी मला नंतर कुणी दिली नाही.

संध्याकाळी केबल जोडली गेली आणि यवतमाळहून हिशेबाच्या बाईंचा मोबाइलवर फोन आला, "येऊन राह्यल्या नोंदी, एकामागून एक!" काही निरोप खरंच दोनदा आले होते. हिशेबात एकदाच लागले.

पुढच्या हंगामात वणीचं केंद्र जोडायचं ठरलं. तिथला काटा दुसऱ्याच बनावटीचा होता. आता पुन्हा पहिल्यापासून, असं समजून अध्यक्ष धास्तावले. मी फक्त त्या काट्याची भाषा आमच्या निरोपांत उतरवणारा प्रोग्रामचा एक छोटा तुकडा लिहिला. बाकी कशालाही हात लावला नाही.

वणीची पहिली नोंद यवतमाळच्या पडद्यावर उमटली, तेव्हा अध्यक्ष माझ्या खुर्चीमागे उभे होते.

"दारव्ह्याचं काही बंद नाही करा लागलं?"

"काहीच नाही."

"मंग पुसदचं केंद्र कायले बाकी ठेवता?"


मी त्याच दुपारी पुसदला फोन लावला आणि विचारलं, "तुमचा काटा कोणत्या बनावटीचा आहे?"