अंदाजे म्याडम

बाटली आडवी, फरशीवर गुलाबी थारोळं, अन् आमचा आरू त्यात बसून व्हट चाटतोय! तापाचं गोड औषध. पोटात किती गेलं, सांडलं किती, मला कसं कळावं? मी वरडलेच. पयल्यांदा धावत आल्या त्या अंदाजे म्याडम.

ह्या बाई आमच्या कन्हेरी गावातल्या घरात पुढच्या खोलीत भाड्यानं ऱ्हायच्या, बारामतीला कॉलेजात गणित शिकवायच्या. कायबी इचारा, एक उत्तर मिळायचंच न्हाय, म्हणून आळीनं ठेवलेलं नाव. "म्याडम, तुमच्यासाठी भात किती टाकू?" "कमीत कमी एक वाटी, जास्तीत जास्त दोन, बहुतेक दीड." आत्या, म्हंजी माझी सासू, कपाळाला हात लावायची. "एवढं शिकून भाताचंबी धड सांगता येईना व्हय?"

माझी शाळा आठवीतच सुटली. तरी एकदा मेथी निवडता निवडता इचारलं, तुमचं गणित आसतं तरी कसलं? म्हणाल्या, "ऊस वाढत जातो, अंगातलं औषध उतरत जातं, तसल्या बदलत्या गोष्टींचं. पण सुरुवातच धूसर असली तर, रेश्मा? मग खालचा आकडा आणि वरचा आकडा, दोघांना बोटाला धरून बारक्या बारक्या पावलांनी पुढं न्यायचं. उत्तर अचूक नसतं, जवळपासचं असतं. आणि कधी कधी दोघांतलं अंतर वाढतच जातं. तिथं माझंही डोकं उठतं."

"मग करता कशाला?" तर नुसत्या हसल्या.

औषध सांडलं त्या दिवशी मातर हसल्या न्हाईत. आत्या वरडत व्हती, "चमचाभर प्यालं आसंल, उगं बोंबलू नगं!" मी म्याडमचा हात धरला. "अंगातल्या औषधाचं गणित येतंय न्हवं तुमाला? मांडा की!"

"ते कागदावर. पोराच्या अंगावर नाही. बाटलीत आधी किती होतं?"

"निम्मं. न्हाय, जरा जास्तच."

"मग कमीत कमी चमचाभर, जास्तीत जास्त अर्धी बाटली. डॉक्टरांना दोन्ही सांग. चल, पळ!"

डॉक्टर खेकसले, "एकच काय ते सांगा!" मी रडत रडत दोन्हीबी सांगितलं. त्यांनी वरचा आकडा धरला. ठेवून घेतलं, सलाईन लावलं, रक्त काढलं, परत काढलं. पोर किंचाळायचं, मी भिताडाला डोकं लावून हुबी. रिपोर्ट चांगले आले.

तर आत्या आळीभर सांगत सुटली, "चमचाच व्हता! त्या बयेच्या आकड्यापायी माझ्या नातवाची सुयांनी चाळण झाली."

मी म्हणलं, "आत्या, लवकर नेलं म्हणूनबी वाचला आसंल की."

"आता तूबी अंदाजे बोलाय लागलीस व्हय गं?"

आत्यानं म्याडमला खोली सोडाय लावली. टेम्पोत पुस्तकं चढवताना मी इचारलं, "जाताना एवढं तरी खरं सांगा, किती प्याला आसंल?" एकच आकडा पायजे व्हता मला. त्या म्हणाल्या, "ते आता कुणालाच कळणार नाही, रेश्मा." आसा राग आला मला! जातानाबी तसंच बोलल्या. अन् टेम्पो गेल्यावर दारात बसून रडलेबी मीच.

आजबी आत्या त्या सुयांवरनं मला ऐकवती. तुमीच सांगा, कडेवर पोर, डॉक्टर म्हणतोय एकच सांगा, तुमी काय सांगितलं आसतं?