तुळशीराम आणि सतरा नंबरची पुलिया

तुळशीरामला दिसत नाही हे मला त्या सकाळी चहाच्या वेळीच कळलं होतं. तरी मी सायकल काढली आणि त्याच्या मागे निघालो. हे आधीच लिहून टाकतो. मागाहून लिहायला गेलो तर हात आखडेल.

मी सौसरच्या एका शाळेत बाबू होतो. जन्मभर शाळा सोडल्याचे दाखले लिहिले, दुसरं काही लिहिलं नाही. तुळशीराम रेल्वेच्या छोट्या लाइनवर चाबीवाला होता. खांद्यावर हातोडा आणि पाना, काखेत एक लाल आणि एक हिरवी झेंडी घेऊन रोज सहा किलोमीटर रूळ पायी तपासायचा. रूळ धरून ठेवणारी लोखंडी चाबी ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची आणि पुढे जायचं. अशी चौतीस वर्षं गेली. मग छोटी लाइन बंद झाली, रूळ उपटून नेले. मोठी लाइन दुसरीकडून गेली आणि रामाकोना गावापुढची जुनी वाट जंगलात तशीच पडून राहिली. खाली रुळांची राहिलेली खडी, म्हणजे गिट्टी, दोन्ही बाजूंना साग आणि पळस, मधूनमधून ओढ्यांवर नंबर घातलेल्या दगडी पुलिया, म्हणजे छोटे पूल. मोटारसायकल गिट्टीत घसरते म्हणून तिथे कोणी नेत नाही.

निवृत्त झाल्यावर तुळशीरामने जाड टायरची सायकल घेतली आणि पुन्हा आपल्या बीटावर, नेमून दिलेल्या त्या टप्प्यावर, जाऊ लागला. रोज सकाळी, तेच सहा किलोमीटर. वाटेत फांदी पडलेली असली तर उतरून बाजूला करायची, घरंगळलेला दगड असला तर ढकलून द्यायचा.

"आता गाडी येत नाही. कोणासाठी करता?" मी एकदा विचारलं.

"रस्ता हाय ना बाबूजी," तो म्हणाला. त्याला एवढं पुरेसं वाटत होतं.

मला साखरेचा त्रास निघाला आणि डॉक्टरांनी सायकल चालवायला सांगितलं. हायवेवर संत्र्यांचे ट्रक जवळून गेले की माझं हँडल थरथरायचं. तुळशीराम म्हणाला, "माह्या लाइनवर चाला. तिथं तुमाले उडवाले बकरी बी येत नाई." तेव्हापासून दोन वर्षं मी त्याच्या मागे जात होतो. त्याचा एकच नियम होता. बीटावर बोलायचं नाही. चाबीवाल्याचं अर्धं काम कानांचं, असं तो म्हणायचा. रूळ गेले तरी त्याचे कान तसेच होते. टायरखालची गिट्टी कुठे बारीक, कुठे मोठी, हे तो आवाजावरून सांगायचा. पुलियावर आवाज पोकळ येतो, हेही त्यानेच मला ऐकायला शिकवलं.

ती जानेवारीतली सकाळ. चार दिवस अवकाळी पाऊस झाला होता म्हणून आम्ही गेलो नव्हतो. त्याच्या ओट्यावर मी बसलो होतो, वत्सलाबाई आत भाकरी थापत होत्या. तुळशीराम किटलीतून चहा ओतू लागला. चहाची धार कपाच्या बाहेर, ओट्यावर पडली. त्याने बोटाने चाचपून कपाची कड शोधली आणि मग नीट ओतला.

"कप सरकला," तो म्हणाला.

कप सरकला नव्हता.

मग मला दिवाळीनंतरच्या कितीतरी गोष्टी आठवू लागल्या. वाटेतल्या फांद्या तशाच पडून असायच्या आणि त्याचं चाक त्यांच्यावरून जायचं. तो उतरायचा नाही. मला वाटायचं, वय झालं, कंटाळला असेल. "तुळशीराम, तुम्हाला दिसत नाही का?" एवढंच वाक्य होतं. ते माझ्या तोंडात आलं आणि चहाबरोबर पोटात गेलं. ज्याच्या बीटावर जायचं त्यालाच असं कसं विचारायचं?

गाव संपतं तिथे नत्थूजी गुरं घेऊन उभे होते. ते म्हणाले, "तुळशीराम, सतरा नंबरच्या पुढं नोको जाऊ. पुलियाच्या पल्याडचा भराव पावसानं वाहून गेला. माही कालवड पडली थ्या खड्ड्यात."

तुळशीराम हसला. "नत्थूजी, तुमची कालवड तुमच्यासारखीच आंधळी असन."

नत्थूजीही हसले. मी खाली वाकून माझ्या चाकाची हवा बघितली.

"पाहून घेऊ," तुळशीराम म्हणाला आणि पायडल मारलं.

पुढचे तीन किलोमीटर मी फक्त त्याच्या पाठीकडे बघत होतो. एरवी मला या जंगलात बिबट्याची धास्ती असते. वानर ओरडलं की मी मागे बघतो. त्या दिवशी वानर ओरडत होतं आणि मी मागे बघितलं नाही. पुढे हा माणूस सरळ रेषेत चालला होता, वळण आलं की वळत होता, चढ आला की उठून पायडल मारत होता. सगळं बरोबर. म्हणून वाटायचं, मीच चुकलो असेन, त्याला थोडं तरी दिसत असेल. आणि पुन्हा ती चहाची धार डोळ्यांपुढे यायची. सांगावं, असं प्रत्येक वळणावर ठरवत होतो. प्रत्येक वळणानंतर पुढचं वळण बरं वाटत होतं.

सतरा नंबरच्या अलीकडे उतार आहे. त्याची सायकल वेगात निघाली. मला वाटलं, आता ब्रेक लावेल. नत्थूजींनी सांगितलं आहे, थांबून बघेल. त्याने ब्रेक लावला नाही. त्याचं चाक पुलियावर गेलं, गिट्टीचा आवाज पोकळ झाला. आणि मला पलीकडचं दिसलं. पुलिया संपते तिथे वाटच नव्हती. वाकलेलं पिवळं गवत, लोंबणारी मुळं आणि त्यांच्या खाली लाल माती.

मी ओरडायला तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. घंटी अंगठ्याखाली होती, तीही वाजवता आली नाही. भीतीने दोन्ही हातांनी ब्रेक आवळले तेवढेच. पुढचं चाक घसरलं आणि मी गिट्टीत पडलो.

तुळशीरामची सायकल थांबली.

"बाबूजी?" तो म्हणाला. एक पाय खाली टेकवून त्याने मान वळवली, पण मी होतो त्याच्या दुसऱ्याच बाजूला. "तुमच्या चाकाचा आवाज बंद झाला. पडले काय?"

त्याचं पुढचं चाक कडेपासून हातभर लांब होतं.

"हलू नका," मी म्हणालो. आता आवाज आला, बारीकसा. मी उठलो, पुलियावर गेलो आणि त्याचं कॅरिअर दोन्ही हातांनी धरलं. "पुढं खड्डा हाय."

"केवढा?"

"दोन माणसं एकावर एक उभी राह्यतील."

त्याने वाकून गिट्टीचा दगड उचलला, पुढे टाकला आणि कान दिला. आवाज यायला वेळ लागला. मग त्याने सायकल आडवी केली आणि तिथेच बसला.

"कवापासून माहीत हाय तुमाले?"

"सकाळपासून. चहाच्या टायमाले."

"मंग बोलले काहून नाई?"

मी गुडघ्यात रुतलेले खडे काढू लागलो.

"बरं, बोलले नाई. मंग मागं मागं कायले आले?"

"सांगाले भेलो. तुमाले एकटं सोडाले बी भेलो," मी म्हणालो.

त्याने आणखी एक दगड खड्ड्यात टाकला, कान दिला. मग म्हणाला, "वत्सलाले सांगू नका. थे सायकलले साखळी लावन. मंग मी दिवसभर काय करू घरात बसून?"

मी मान हलवली. मग आठवलं, मान हलवलेली त्याला दिसत नाही.

परत निघताना तो म्हणाला, "तुमी पुढं व्हा. मी तुमच्या चाकामागं येतो."

मी कधी कोणाच्या पुढे चाललो नव्हतो. गुडघ्यातून रक्त येत होतं. झुडपात काहीतरी सळसळलं तरी थांबता येत नव्हतं, कारण मी थांबलो की तोही थांबणार आणि मी चुकलो की तोही चुकणार. मागे त्याची गिट्टी वाजत होती. ती जरा दूर गेली की मी पायडल हळू करायचो.

दारात वत्सलाबाईंनी माझा गुडघा बघितला. "अवं बाई! काय झालं बाबूजी?"

"पडले," तुळशीराम लगेच म्हणाला. "गिट्टीत पडते माणूस. हळद दे."

त्याने माझ्यासाठी वाट मोकळी करून दिली होती. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि ते मला चांगलं येतं. पण पुलियावरचं ते हातभर अंतर डोळ्यांपुढून जाईना.

"वत्सलाबाई, याईले दिसत नाई," मी म्हणालो. इतक्या हळू म्हणालो की त्यांनी "काय?" म्हणून विचारलं आणि मला ते पुन्हा म्हणावं लागलं.

सायकलला त्याच दिवशी साखळी लागली. तुळशीराम तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मी ओट्यासमोरून गेलो की माझ्या चपलांचा आवाज ओळखून तो तोंड फिरवायचा. त्याची मुलगी प्रज्ञा नागपूरहून आली, त्याच्यावर ओरडली, रडली आणि त्याला पांढुर्ण्याच्या डोळ्यांच्या शिबिरात घेऊन गेली. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता, उजव्यातला पार पिकलेला. तो आधी काढला.

ऑपरेशननंतर महिनाभराने, साखळी सुटल्यावर, सकाळीच माझ्या दारात त्याच्या सायकलची घंटी वाजली.

"जयभीम बाबूजी," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघत राहिला. "मिश्या कवा पांढऱ्या झाल्या तुमच्या?"

"वर्ष झालं."

"मले कोणी सांगतलं नाई. चाला, सतरा नंबर पाहाचा हाय."

त्या दिवशी त्याने वाटेत चार फांद्या बाजूला केल्या. पुलियाच्या बऱ्याच आधी आम्ही उतरलो आणि चालत गेलो. कडेशी जाऊन त्याने खाली बघितलं. तळाशी मोठे धोंडे होते, पुलियाचा निसटलेला एक चिरा होता आणि धोंड्यांच्या मध्ये नत्थूजींच्या कालवडीची हाडं. तो पुष्कळ वेळ बघत होता. मग दोन पावलं मागे आला आणि माझी बाही धरली.

"पाय टेकला होता मी इथं?"

"तिथं. त्या दगडापाशी."

"बापा," तो म्हणाला. मग म्हणाला, "बाबूजी, मले भेव वाटून राह्यलं. माह्या बीटावर कधी वाटलं नव्हतं."

मलाही वाटत होतं, पण मला ते नेहमीच वाटतं. मी बाही सोडवली नाही.

त्याने पिशवीतून जुनी लाल झेंडी काढली. रंग विटला होता. पुलियाच्या अलीकडे गिट्टी उकरून त्याने सागाची काठी रोवली, झेंडी बांधली, काठी हलवून बघितली आणि आणखी चार दगड लावले. मग आम्ही सायकली हातात धरून परत निघालो. उतार संपला, सपाट आलं, तरी कोणी सायकलवर बसलं नाही.