बरणीत न मावणारी मरळ

मी पदवीधर झालो तो ताडकळसच्या नरहर गुरुजींमुळे. गावची शाळा संपल्यावर वडिलांना समजावून त्यांनीच मला हैदराबादला धाडलं. आता ते अंथरुणाला खिळले होते. त्यांच्या उशाशी ठेवायला मी काचेची मोठी बरणी आणली आणि मासे घ्यायला सोनपेठच्या बाजारात एका भोईणीकडे गेलो.

तिच्या घागरीत मरळीची तांबूस पिल्लं चमकत होती. "आमच्या आजारी गुरुजींच्या उशाशी ठेवायचीत. हीच द्या," मी बरणी पुढं करत म्हणालो.

तिनं ओला हात पदराला पुसून बरणीला टिचकी मारली. "न्हाई देत. ही विहिरीत सोडायला नेतेत लोक. हातभर व्हतेत. यात वळायलाबी जमायचं न्हाई त्यायला."

"पण किती देखणी आहेत!"

"लेकरं समदीच देखणी असतेत, दादा. आजारी माणसानं पडल्या पडल्या त्यायची तडफड बघावी का?"

मग दुसऱ्या घागरीतले बारके मासे तिनं ओंजळीनं अलगद बरणीत सोडले.

बरणीसोबत मी चिठ्ठी धाडली: "गुरुजी, सा. न. हे मासे बोटाएवढेच राहतात. याहून सुंदर पिल्लं होती, पण ती मोठी होणारी म्हणून भोईणीनं दिली नाहीत. मला तुमच्यापाशीच राहू द्या म्हणून मी रडलो होतो, आणि तुम्ही ऐकलं नव्हतं, ते आठवलं."