उलट्या पॅडलचा ब्रेक

आमचं गाव मोशीच्या पुढं, इंद्रायणी ओलांडून चाकणच्या बाजूला. पिंपरीच्या कारखान्यात गावातून पहिला कामाला लागला तो माझा थोरला भाऊ. सायकलनं जायचा, यायचा. एका श्रावणात पाळी संपवून परतताना मोशीच्या उतारावर त्यानं ब्रेक दाबला. भिजलेल्या रिमवर रबर नुसतं घसरत राहिलं. पुढं दगडांनी भरलेली बैलगाडी होती. दादा वाचला, पण कमरेखालचं अंग गेलं.

पुढच्या वर्षी मलाही पिंपरीत काम मिळालं. आई म्हणाली, "पायी जा, न्हाईतर जाऊच नको." पायी जाऊन पाळी गाठणं होणार नव्हतं. शेवटी दादाच खाटेवरून बोलला, "सायकल घे. पर मी सांगतो तशीच घे."

अपघातानंतर तो आपणहून इतकं कधी बोलला नव्हता. पडल्या पडल्या त्यानं सगळा विचार करून ठेवला होता. "रिमवर दाबणारा ब्रेक नको. उलटं पॅडल मारलं की थांबती, तसली बघ. तिचा ब्रेक चाकाच्या मधल्या तुंब्यात, आत असतो, पाणी लागत न्हाई. चेनीवर पुरा पत्रा पाहिजे, म्हंजे चिखल शिरणार न्हाई."

खडकीच्या बाजारात दुकानदारानं मला चकचकीत सायकली दाखवल्या. उलट्या पॅडलचं ऐकून तो हसला. "राव, चेन तुटली तर थांबणार कशी?"

घरी येऊन मी दादाला तेच विचारलं. "पुढं हातब्रेक बी बसवून घे," तो म्हणाला. मग हळूच, "आन् पावसात उतार आला की खाली उतर. चालत जा. मी उतरलो न्हाई."

लष्कराच्या लिलावातली एक हिरवी, जड सायकल मिळाली. आम्ही दादाला उचलून अंगणात आणलं, सायकल त्याच्यापुढं उलटी ठेवली. त्यानं हातानं चाक फिरवलं, पॅडल मागं दाबलं. चाक जागच्या जागी थांबलं. "पाणी वता," तो म्हणाला. वहिनीनं चाकावर कळशी रिकामी केली. पुन्हा थांबलं. वहिनीला हसू आलं. दादाचा चेहरा मात्र पडला.

"आत न्या मला," एवढंच म्हणाला.

सायकल चांगली निघाली. चढाला ढकलावी लागे, पण पावसात कधी घसरली नाही की फारसं तेलपाणी मागितलं नाही. दादानं मात्र तिच्याबद्दल पुन्हा विचारलं नाही. अंगणात माझी घंटी वाजली की तो भिंतीकडं तोंड करी. पुढं त्याच्या पाठीला जखमा झाल्या, त्या भरल्याच नाहीत. सुगी आटोपल्यावर तो गेला.

वहिनीला माहेरची माणसं न्यायला आली, तेव्हा तिची ट्रंक मी सायकलच्या कॅरिअरवर बांधली आणि मोटारीच्या थांब्यापर्यंत ढकलत नेली.